रजेची बारावी ओळ

सॅन डिएगो,
३ सप्टेंबर १९७८

प्रिय आर्वो,
स. न. वि. वि.

बातमी आधीच सांगते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. मी लग्न करतेय. नवऱ्या मुलाचं नाव आन्सेल्मो फुर्तादो. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आहे. ट्यूना पकडणाऱ्या जहाजावर जाळी सांभाळतो. बोटात गळ रुतला म्हणून तो आमच्या इस्पितळात आला होता. मी गळ काढला. पुढच्या आठवड्यात तो ताजा मासा घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात काहीच न घेता आला, तेव्हा मी ओळखलं.

लग्न शनिवारी, ४ नोव्हेंबरला. तारीख आम्ही ठरवली नाही, रजेनं ठरवली. आमच्याकडे आजवर मुलंबाळं असलेल्या नर्सना आधी रजा मिळायची. त्यामुळे सोळा वर्षांतले सोळा नाताळ मी वॉर्डात काढले. यंदा मुख्य नर्स बदलली. ती म्हणाली की यापुढे जिची नोकरी जुनी तिनं आधी निवडायचं. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यावर बोट ठेवलं, कारण आन्सेल्मोचं जहाज तेव्हा बंदरात असतं. नाव लिहिताना मला तुझं जानेवारीतलं पत्र आठवलं. तुलाही हाच आठवडा मिळालाय. कशासाठी घेतलास ते तू लिहिलं होतंस, आता आठवत नाही.

आर्वो, सोळा वर्षांत आपल्या दोघांची रजा एकदाही एका आठवड्यात आलेली नाही. तुला फेब्रुवारी मिळाला की मला सप्टेंबर. एकोणसत्तर साली तू जुलैत येतो म्हणालास, तर मला एक दिवसही सुटी नव्हती आणि मीच नको म्हणून कळवलं. म्हणून यंदा रजेच्या तक्त्यासमोर मी एकटीच हसत उभी होते.

बाबांना आणि हेल्मीवहिनीला घेऊन ये. चर्चमध्ये माझ्या बाजूचे बाक रिकामे दिसायला नकोत, एवढीच माझी इच्छा आहे. हेल्मीला माझा नमस्कार. तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,

विएनो

•

स्प्रूस फोर्क, मिनेसोटा,
१४ सप्टेंबर १९७८

प्रिय विएनो,
अनेक आशीर्वाद. मी चार वर्षांनी मोठा आहे, तेव्हा हे चालेल.

पत्र वाचून हेल्मी रडली आणि लगेच वेलदोड्याचा पाव भाजायला घेतला. मी अंगणात दोन चकरा मारल्या. बाबा म्हणाले की मासे पकडणारा माणूस पहाटे उठतो, म्हणजे बरा असणार. आम्हाला फार आनंद झाला आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तू ते विसरशील.

तुला खरंच आठवत नाही? चार नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस आहे. सोळा वर्षं समुद्राजवळ राहून स्प्रूस फोर्कची मुलगी हे विसरली, असं कारखान्यात सांगायची माझी छाती नाही.

आमच्या कागद कारखान्यात वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा. त्यातला एक जुलैत यंत्रं बंद असतात तेव्हा परस्पर जातो. उरलेल्या एकासाठी जानेवारीत घड्याळाशेजारी तक्ता लागतो. दोरीला पेन्सिल बांधलेली असते. नोकरीच्या वर्षांप्रमाणे एकेकानं जाऊन नाव लिहायचं. आमच्या विभागात अठ्ठावन्न माणसं. एका आठवड्यात बाराजणांनाच रजा, कारण यंत्र चालू राहिलं पाहिजे. हरणांच्या आठवड्याच्या बारा ओळी सगळ्यांत आधी भरतात. मी एकोणीस वर्षं वाट पाहिली. गेल्या वर्षी माझ्या वरच्या माणसापाशी यादी संपली. यंदा तो निवृत्त झाला आणि बारावी ओळ माझी झाली. मी नाव इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. फोरमन लिंडस्ट्रॉम म्हणाला की मागच्यांनी काय नखानं लिहायचं का.

आजारपणाची रजाही आहे, पण त्या आठवड्यात ती घ्यायची सोय नाही. एकाहत्तर साली हंगामाच्या पहिल्या दिवशी चाळीसजण एकदम आजारी पडले. तेव्हापासून डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि डॉक्टर स्वतः जंगलात असतो. फक्त वाल्फ्रेड निएमी, माझ्या मागचा तेरावा, दर वर्षी न चुकता आजारी पडतो. डॉक्टर त्याच्याच जंगलातल्या खोपटात मुक्कामाला असतो आणि काडतुसांच्या खोक्यावर कागद ठेवून चिठ्ठी लिहून देतो.

थट्टा पुरे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी कारखान्यात लागल्यापासून आम्ही दोघं पहिल्या दिवशी कधीच एकत्र जंगलात गेलेलो नाही. माझी पाळी असायची. ते वाल्फ्रेडच्या वडिलांबरोबर जायचे. वाल्फ्रेडचे वडील एप्रिलमध्ये वारले. बाबांनी उन्हाळ्यात आपल्या खोपटातली दुसरी बाज दुरुस्त केली, माझ्यासाठी. कुणाला काही बोलले नाहीत. मला खिळे सापडले तेव्हा कळलं.

लग्न एक आठवडा पुढे नेता येईल का? विचार करून लिही. रागावून लिहिलंस तरी लिही.

तुझा,
आर्वो

•

सॅन डिएगो,
२२ सप्टेंबर १९७८

प्रिय आर्वो,
न. वि. वि. सप्रेम नाही, कारण रागावून लिहितेय.

तारीख पुढे जाणार नाही. पुढच्या आठवड्यात मी वॉर्डात आणि आन्सेल्मो समुद्रावर. तो दीड महिना येत नाही. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. हरणाचं त्याला लगेच समजलं. भरपगारी रजेचं समजेना. त्याच्या जहाजावर मासा मिळाला तर वाटा, न मिळाला तर नाही. त्यानं तीनदा विचारलं की माणूस काम करत नाही आणि तरी पगार देतात, ते कशाबद्दल. मी म्हटलं, माझ्या भावाला विचार, तो एकोणीस वर्षं ती पेन्सिल हातात यायची वाट पाहत होता.

आर्वो, मी तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही. आता एक गोष्ट मागितली आणि मध्ये हरीण आलं. पण नवल काय. मी जन्मले तेव्हाही बाबा हरणामागेच होते ना? सगळ्या गावाला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत एकच दिवस आजारपण, तेही चाळीस सालच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, ज्या दिवशी मी झाले. कारखान्यानं तसं छापून चौकटीत घालून दिलंय आणि ते आपल्या स्वयंपाकघरात टांगलंय. लहानपणी मी त्याच्याखाली बसून लापशी खायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना जाऊ दे जंगलात. तूही जा, बाज दुरुस्त केलीय. मी खरंच म्हणतेय. निदान खरंच म्हणायचा प्रयत्न करतेय.

हेल्मीला नमस्कार. तिच्यावर राग नाही.

विएनो

•

स्प्रूस फोर्क,
१ ऑक्टोबर १९७८

चि. विएनो,
अ. आ.

मी पत्रं लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. हे लिहितोय.

तुझं पत्र आर्वोनं टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. मी वाचलं.

चाळीस साली मी हरणामागे नव्हतो. मी घरी होतो. तेव्हा रजा नावाची गोष्ट नव्हती. शनिवारी कामावर जायचं होतं. पहाटे तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. आपल्याकडची बाळं सौनात जन्मतात, तशी मी अंगणातली वाफेची सौना तापवली. तेवढी खोली स्वच्छ आणि गरम असते. सुईण तळ्यापलीकडे राहायची. बर्फ पातळ होतं, तिला येता आलं नाही. डॉक्टर जंगलात होता. आर्वोला शेजारी पाठवलं. तू सव्वादहाला आलीस. नाळ मी कापली. सुरी हरणाची होती, उकळून घेतली होती.

सोमवारी फोरमननं विचारलं की काय आजार होता. मी म्हटलं हात थरथरत होते. ते खरं होतं. तो हसला. पहिलं हरीण दिसलं की नवख्या शिकाऱ्याचे हात थरथरतात, त्याला तसं वाटलं. मग सगळे हसले. मी दुरुस्त केलं नाही. बाळंतपणात बाप हजर होता असं सांगितलं असतं तर जास्त हसले असते. एका दिवसाचा पगार कापला. आजारपण लिहिलं.

तुझी आई असती तर तिनं तुला सांगितलं असतं. ती तू तीन वर्षांची असताना गेली. नंतर सांगायचं राहून गेलं. तू त्या चौकटीखाली बसून खायचीस. मला वाटायचं तुला माहीत आहे.

हरणं दर वर्षी येतात. आर्वो विमानाची तीन तिकिटं काढतोय. आर्वोचा रजेचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, त्याच दिवशी निघू. माझ्याकडे एकच बरा कोट आहे. शिकारीचा, लाल. चालेल का ते कळव.

तुझा बाप,
नेस्टर कांतोला

•

सॅन डिएगो,
८ ऑक्टोबर १९७८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लाल कोट चालेल. दुसरा कुठला घालून आलात तर आत घेणार नाही.

पत्र वॉर्डात वाचलं. मुख्य नर्सनं मला अर्ध्या दिवसाची आजारपणाची रजा दिली. सोळा वर्षांत पहिलीच. काय आजार लिहू म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, घराण्यात आहे.

तुमची,
विएनो

•

स्प्रूस फोर्क,
२० ऑक्टोबर १९७८

प्रिय विएनो,
अ. आ. आणि क्षमस्व, याच क्रमानं.

इकडची गंमत ऐक. मी लिंडस्ट्रॉमला सांगितलं की माझा आठवडा मी कॅलिफोर्नियात काढणार. मग त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. वाल्फ्रेड ओरडला की इतक्या वर्षांत हरणांच्या आठवड्यातला हा पहिला खरा आजारी, डॉक्टर जंगलात जायच्या आत कुणीतरी याला दाखवून आणा. दिवसभर जो भेटेल तो नाडी बघत होता.

जेवणाच्या सुटीत मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. बाबांना विचारून. कुणी हसलं नाही. डबे उघडेच राहिले. मग वाल्फ्रेडनं विचारलं की सुरी कुठली होती. मी सांगितलं. तो म्हणाला की म्हणजे नेस्टरची त्या हंगामातली शिकार चांगली सात पौंडांची होती आणि परवान्याशिवाय होती. तेव्हा मात्र छप्पर उडेल इतकं हसले. संध्याकाळी बाबांबरोबर काम केलेले दोघं म्हातारे घरी आले, कॉफी प्यायले, बाबांशी हवामानावर बोलले आणि गेले. दाराशी एकानं टोपी काढली. आत येताना काढायची राहिली होती म्हणाला.

सामानात हरणाच्या मांसाचे अकरा सॉसेज आहेत. यादीतल्या बाकीच्या अकराजणांनी एकेक दिलं, गेल्या वर्षीच्या शिकारीतलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेत. वाल्फ्रेडनं दिलं नाही. त्याचं नाव यादीत नाही, तो फक्त आजारी असतो.

बाबा रोज लाल कोट घासतात. विमानात खिडकी उघडते का असं विचारत होते.

आता भेटीतच बोलू. तुझा राग घरी ठेवून विमानतळावर ये.

आर्वो

•

सॅन डिएगो,
१९ नोव्हेंबर १९७८

प्रिय आर्वो,
सप्रेम न. वि. वि. या वेळी सप्रेम दोनदा वाच, मागच्या पत्रातलं राहिलं होतं.

तुम्ही गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. आन्सेल्मो दहा तारखेला समुद्रावर गेला. त्याच्याबरोबर उरलेलं एक सॉसेज गेलं. जहाजावर सगळ्यांना एकेक चकती मिळाली असं त्यानं वाटेतल्या बंदरातून पाठवलेल्या पत्रात लिहिलंय.

तू झोपला होतास म्हणून तुला माहीत नाही. लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आधी बाबा घरात नव्हते. मी घाबरून धक्क्यावर गेले. ते लाल कोट घालून दोरांच्या गुंडाळीवर बसले होते, पाण्याकडे तोंड करून, अगदी गप्प. मी जवळ गेले तर बोट ओठांवर ठेवलं. मी शेजारी बसले. सूर्य वर आला तेव्हा ते म्हणाले की हंगाम सुरू झाला. मग आम्ही परत आलो आणि मी लग्नाचा झगा घातला.

आन्सेल्मोच्या आईला वाटलं की लाल कोट हा आपल्याकडचा मानाचा पोशाख आहे. तिनं त्याच्यावर पांढरं फूल टोचलं आणि बाबांना पहिल्या बाकावर बसवलं. कुणी तिला खरं सांगितलं नाही. तिच्या बहिणी अजून विचारतात की मुलीच्या लग्नात बापानं लाल घालायचं असतं का. मी हो म्हणते. पुढच्या पिढीत ती रीत होईल.

बाबा आणि आन्सेल्मो रविवारी दोन तास जाळं दुरुस्त करत बसले. दोघांत एक शब्द नाही. बाबा नंतर म्हणाले की मुलगा चांगला आहे, त्याच्याशी खूप बोलणं झालं.

आणखी एक. चर्चमध्ये आत जाताना बाबांनी माझा हात धरला. त्यांचा हात थरथरत होता. मी नर्स आहे, माझ्या लक्षात आलं. एकच आठवडा होता आर्वो, पण मला तो पुरला. म्हणजे मार्चपर्यंत पुरेल. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुणीच रजा मागत नाही, तेव्हा मी बहुधा मोकळी असते. सहज लिहिलं.

हेल्मीच्या पावाची कृती पाठव. सासूबाई म्हणतात त्यांचा पाव जास्त गोड आहे. मी दोन्ही खाते आणि गप्प बसते.

लोभ दोन्ही किनाऱ्यांवर असाच राहू दे.

तुझी,
विएनो

•

सॅन डिएगो,
३ जानेवारी १९७९

प्रिय आर्वो,
स. न. वि. वि. नवं वर्ष सुखाचं जावो.

आमचा तक्ता काल लागला. मी पहिली होते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा घेतला. आम्ही दोघं तिकडे येतोय. मार्च राहू दे, तू हरणांचाच आठवडा घे. बाबांनी दुरुस्त केलेली बाज अजून कुणी वापरलेली नाही.

एकच अडचण. आन्सेल्मोला रजा नाही. त्या आठवड्यात जहाज लवकर निघणार असं दिसतंय. तो म्हणतो की तो आजारी पडेल. त्याच्या जहाजावर आजारपणाचा पगार मिळत नाही, चिठ्ठी कुणी मागत नाही, पण कप्तानाला काहीतरी कारण सांगावं लागतं. त्याला खोटं बोलायची सवय नाही. बाबांना विचार, त्यानं काय आजार सांगावा. त्यांना अनुभव आहे असं तो म्हणतो.

तुझी,
विएनो

•

स्प्रूस फोर्क,
१५ जानेवारी १९७९

प्रिय विएनो,
चि. आन्सेल्मोसह तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. आमचा तक्ता दोन तारखेलाच लागला होता आणि मी मार्चचा दुसरा आठवडा लिहून बसलो होतो. तू सहज लिहिलंस, मी सहज वाचलं नाही. तू इकडचा आठवडा घेतलास, मी तिकडचा. पुन्हा तेच. हेल्मी हसत सुटली, मला हसू येईना.

मी लिंडस्ट्रॉमकडे जाऊन विचारलं की लिहिलेलं खोडता येतं का. तो म्हणाला नाही. मग त्यानं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला की कांतोला, तू नऊ तारखेला किती वर्षं पुरी केलीस? वीस. वीस वर्षांनंतर तिसरा आठवडा मिळतो. हे मला ठाऊक होतं, पण एकोणीस वर्षं मी फक्त ती बारावी ओळ बघत होतो. आपल्याला आणखी काही मिळणार आहे हे डोक्यातच नव्हतं.

पण तिसरा आठवडा दुसऱ्या फेरीत निवडायचा असतो, सगळ्यांचं एकदा लिहून झाल्यावर. तोवर हरणांचा आठवडा भरलेला असणार. तरी जाऊन पाहिलं. अकरा नावं होती. बारावी ओळ कोरी. माझ्यानंतर पाळी वाल्फ्रेडची, त्यानं लिहिलंच नव्हतं. त्याच्या मागच्यांनीही नाही. मी त्याला गाठलं. तो चिडून म्हणाला की एवढ्या वर्षांत आजारी पडायची सवय झालीय, आता ती कशाला मोडू, आणि मी रजेवर गेलो तर डॉक्टरनं चिठ्ठी कुणासाठी लिहायची. मग म्हणाला की लवकर लिही, पेन्सिलीला टोक आहे तोवर.

तेव्हा मार्चमध्ये हेल्मी आणि मी तिकडे, नोव्हेंबरमध्ये तुम्ही दोघं इकडे. बाबा तिसरी आणि चौथी बाज करायला बसलेत. या वेळी खिळे लपवलेले नाहीत.

आन्सेल्मोचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी हातोडी खाली ठेवली. त्यांचं म्हणणं, खोटं बोलू नये. कप्तानाला सांगावं की हात थरथरतात. त्यानं आजवर हरीण पाहिलेलं नाही, तेव्हा ते खरं होईल. आणि कप्तान हसला तर हसू द्यावं, त्यानं काही बिघडत नाही.

ती चौकट अजून स्वयंपाकघरातच आहे. बाबांनी काच पुसली आणि त्या एका दिवसाखाली पेन्सिलीनं तुझं नाव लिहिलं.

आर्वो